सातवा तुकडा

१

बदलापूर पश्चिमेच्या मासळी बाजारात बुधवारी सकाळी नऊ वाजता जनाबाईसमोर एकही गिऱ्हाईक नाही, हे मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बुधवार म्हणजे माझा कटल्याच्या डोक्याचा वार. ते डोकं मिळालं नाही तर माझा आठवडा वाया जातो, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे.

मी किसन ओव्हाळ. आनंदनगरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता रिटायर. बायको सुनेत्रा हीसुद्धा रिटायर. अंबरनाथच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिने तीस वर्षं काढली. त्यामुळे आमच्या घरात मीठसुद्धा लेबल लावलेल्या बरणीत असतं, आणि लेबलावर तारीख असते.

"जनाबाई, डोकं ठेवलंय ना?" मी पिशवी पुढे केली.

जनाबाईने कोयता बाजूला ठेवला आणि पाटीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कुणीतरी कागद चिकटवला होता. लॅबचा रिपोर्ट. नदीचा मरळ, पारा ०.१८. समुद्राचा बांगडा, ०.०५. खदाणीचा रोहू, ०.६३. खाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'मर्यादा ०.५. खदाणीचे मासे खाऊ नका!'

"भाऊ, तुमीच सांगा, पोरांसारकी वाढवलेली मासली. तिच्यात जहर कुटून येल?" म्हणताना तिचा आवाज फाटला. जनाबाईचा आवाज म्हणजे स्टेशनपर्यंत ऐकू जाणारा. तो असा बारीक झालेला मला अजिबात आवडला नाही.

ही खदाण म्हणजे बेलवलीपलीकडची दगडाची जुनी खाण. पावसाचं पाणी साठून तिचं तळं झालंय. जागा आमच्या निसर्गदीप संकुलाची, आणि करारावर तिथे जनाबाई आणि गावातल्या सहा बायका रोहू-कटला पाळतात. जुलैत बीज सोडायचं, मे अखेरीस पाणी आटत आलं की सगळे मासे काढायचे, पुढच्या जुलैत पुन्हा नवं बीज. आता मे चालू होता. काढणी पंधरा दिवसांवर आली होती. सात घरांचं वर्षभराचं सगळं त्या पाण्यात पोहत होतं.

"रविवारी अकराला तुमच्या बिल्डिंगवाल्यांची मीटिंग हाय," जनाबाई म्हणाली. "पंप लावून तलं उपसनार, मासली पुरनार. सामंतसायेब सोता येऊन बोलले."

जनाबाई म्हणजे कोण, हे सांगायला हवं. तिच्याकडून घेतलं आणि पिशवीत फक्त घेतलेलंच निघालं, असं कधी झालं नाही. कधी कढीपत्ता, कधी दोन कोलंब्या. आमची मुलगी मैत्रेयी बाळंतपणाला आली होती तेव्हा तर रोज एखादा तुकडा जास्तच निघायचा. आम्ही आभार मानायला गेलो की "कंचा तुकडा?" म्हणून उलट आमच्यावरच ओरडायची.

मी कागद उपटला, तडक घरी आलो आणि सुनेत्रापुढे टाकला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"अहो, रोहू काय खातो?"

"शेवाळ, कोंडा, पेंड."

"आणि वय किती याचं?"

"दहा महिने."

"पारा एका दिवसात अंगात भरत नाही. पाण्यातून किड्यात, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात असा चढत जातो. जो दुसऱ्यांना खातो आणि वर्षानुवर्षं जगतो, त्याच्यात साठतो. म्हणून मरळात जास्त, बांगड्यात कमी. इथपर्यंत रिपोर्ट शहाण्यासारखा बोलतोय." तिने खालच्या ओळीवर नख ठेवलं. "पण शेवाळ खाणारं दहा महिन्यांचं पोर मरळाच्या तिप्पट? शक्य नाही. हा आकडा या माशाचा नाहीच."

२

नमुने गोळा केले होते वैदेहीने. वैदेही आमच्याच संकुलात, बी विंगला राहते. कॉलेजात पर्यावरण शिकवते. वेगवेगळ्या पाण्यातल्या माशांत पारा किती, हा तिचा प्रकल्प. पोरगी हुशार, पण घर असं शाकाहारी की ऑम्लेटचा वास आला तरी खिडक्या लावतील. त्यात सातवा महिना चालू.

आम्हाला दारात बघताच तिचे डोळे भरून आले. "काकू, मी मुद्दाम नाही हो केलं! रिपोर्ट आला तो मी फक्त सामंतकाकांना दिला, ते चेअरमन म्हणून. त्यांनी तो छापून लावला. जनामावशी माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत आता."

"रडू नकोस. नमुना कसा घेतलास ते सांग," सुनेत्रा म्हणाली. लॅबमध्ये नवीन पोरींना ती याच आवाजात विचारायची म्हणे. मी तो आवाज लग्नापासून ऐकतोय.

वैदेहीने वही काढली. सगळं टापटीप लिहिलेलं. "गेल्या सोमवारी सकाळी. मांजर्लीच्या घाटावर गळ टाकून बसणाऱ्या एका आजोबांकडून मरळाचे दोन तुकडे. मग बाजारात जनामावशींच्या शेजारच्या मुकेशदादांकडून बांगड्याचे दोन आणि जनामावशींकडून रोहूचे दोन. तीन पिशव्या, एकूण सहा तुकडे. पिशव्यांवर नावं आधीच लिहिली होती. बर्फाच्या पेटीत टाकल्या, पेटीला टेप लावली, टेपवर सही केली."

"पिशव्या भरताना बघितलंस?"

वैदेही ओशाळली. "खरं सांगू? डोळे मिटून उभी होते. नाकाला ओढणी. मला त्या वासाने इतकं मळमळत होतं की पिशवी हातात पडली तशी पेटीत टाकली. मुकेशदादा हसत होते. मावशी बिचाऱ्या हसल्या नाहीत, माझ्याकडे खालपासून वर बघितलं, 'ये गं बाय, बस' म्हणाल्या आणि आधी माझंच काम केलं."

"आणि पेटी लॅबमध्ये कुणी नेली?"

"सामंतकाकांनी. ते उल्हासनगरला निघालेच होते गाडी घेऊन. दहाला इथून निघाले."

मी सुनेत्राकडे बघितलं. खदाण उपसायची सगळ्यात जास्त घाई कुणाला? सामंतला. त्या जागी जॉगिंग ट्रॅक करायचं त्याचं किती वर्षांचं टुमणं. आणि पेटी कुणाच्या हातात? सामंतच्याच.

"केस संपली," मी जिन्यात म्हणालो.

"तुमची नेहमीच लवकर संपते," सुनेत्रा म्हणाली.

३

गुरुदत्त सामंत म्हणजे आनंदनगरला माझ्याच कारखान्यात ऑफिसर होते. मी फिटर, ते साहेब. आता दोघेही रिटायर, तरी ते मला अजून "ओव्हाळ" म्हणतात आणि मीही जिभेच्या सवयीने "साहेब" म्हणतो.

"या ओव्हाळ, वहिनी या. मालिनी, चहा टाक, माझा बिनसाखरेचा." साहेबांना मधुमेह. मालिनीवहिनींचा पहारा कडक.

सुनेत्राने पेटीचं विचारलं.

"सरळ नेऊन दिली. कुठेही थांबलो नाही," साहेब म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

"किती वाजता पोचलात?"

"लक्षात नाही."

चहाचा घोट घेताना माझी नजर शोकेसवर गेली. कारखान्याने निरोपाला दिलेलं घड्याळ, त्याच्या बाजूला काचेची छोटी बाटली, आणि बाटलीत चांदीसारखं चकाकणारं काहीतरी. मी तीस वर्षं प्रेशर गेजांत हे भरलंय. अंधारातही ओळखेन.

पारा! मी सुनेत्राला कोपराने ढोसलं. तिने शांतपणे माझा हात बाजूला केला, चहा संपवला आणि मालिनीवहिनींना आलं कुठून आणता ते विचारलं.

लिफ्टमध्ये मी तिच्यावर तुटून पडलो. "अगं, समोर बाटली दिसली ना? त्याने माशावर ओतला असणार!"

"अहो, एक थेंब पडला असता तर आकडा ०.६३ आला नसता, मशीनच बंद पडलं असतं. शिवाय बाटली काठोकाठ भरलेली आहे आणि बुचावर धूळ." लिफ्टचं दार उघडून ती बाहेर पडली. "पण ते खोटं बोलले, हे नक्की. कुठेतरी थांबले होते. उद्या उल्हासनगरला जाऊ."

४

जितेशची लॅब उल्हासनगर कॅम्प चारला, फर्निचरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. माणूस सिंधी, गोल, हसरा आणि कामाला एकदम चोख. एक थेंब इकडचा तिकडे होऊ देणार नाही.

"आंटी, हमारा मशीन गलत नहीं बोलता," त्याने छातीवर हात ठेवला. "तीन बार चलाया. तिन्ही वेळा तोच आकडा."

"मशीन बरोबरच असेल," सुनेत्रा म्हणाली. "चूक होते ती मशीनपर्यंत येण्याआधी होते. रजिस्टर दाखवाल?"

त्याने रजिस्टर फिरवून आमच्यासमोर धरलं. अक्षर मोत्यासारखं. मी वाचू लागलो. 'पेटी मिळाली दुपारी सव्वा वाजता. टेप आणि सही शाबूत. बर्फ बराचसा वितळलेला. पेटीच्या झाकणावर चिंचेची चटणी.'

"चटणी?"

"हां साईं. मैं सब लिखता हूँ."

बदलापूरहून दहाला निघालेली गाडी सव्वाला पोचली. मी सुनेत्राकडे विजयाने बघितलं, पण तिचं बोट पुढे सरकलं होतं.

'मरळ, दोन तुकडे. बांगडा, दोन तुकडे. रोहू, तीन तुकडे. रोहूच्या पिशवीत नवसागरासारखा उग्र वास, मासा शिळा असावा.'

दोन अधिक दोन अधिक तीन. पेटीत गेले सहा, निघाले सात.

"तिन्ही तुकडे एकत्र वाटलेत?" सुनेत्राने विचारलं.

"हर तुकडे का आधा. मिक्सर में घुमाया. बाकी आधा डीप फ्रीजर में, महीना भर रखता हूँ, नियम है मेरा." मग जितेश हसला. "और एक बात, आंटी. हम लोग पल्ला मछली खानेवाले, काँटे निकाल-निकाल के आधी ज़िंदगी गई. पर उस थैली में एक तुकडा था, एक काँटा नहीं! मैं बोला वाह, ऐसा रोहू हमको भी मँगता है."

सुनेत्रा खुर्चीतून उठली. "फ्रीजर उघडा. आणि अहो, तुम्ही पुढे या. आयुष्यभर मासे खाल्लेत ते आज कामाला येऊ दे."

पिशवी बाहेर आली. दोन अर्धे तुकडे ओळखायला मला डोळेही लागले नसते. खवलं काढलेली करडी कातडी, बाजूने रोहूचे ते दुष्ट दुहेरी काटे. तिसरा तुकडा पांढराशुभ्र, कातडी सोललेली. मधोमध मऊ गोल कणा, बोटाने दाबला तर दबला. मी नाकाशी नेला आणि नवसागराचा भपका आला.

"मोरी," मी म्हणालो. "ही समुद्रातली मोरी आहे. शार्कच्या जातीची. आणि हा तुकडा चांगल्या मोठ्या मोरीचा आहे."

"दुसऱ्या माशांना खाणारी, वर्षानुवर्षं जगणारी," सुनेत्रा म्हणाली. "जितेशभाई, तिन्ही तुकडे वेगवेगळे तपासून द्याल? उद्या संध्याकाळपर्यंत?"

"आंटी, आज ही लगाता हूँ."

म्हणजे खदाण निर्दोष होती. मला त्या फ्रीजरसमोरच नाचावंसं वाटलं. पण मग खदाणीच्या रोहूत समुद्रातली मोरी टाकली कुणी?

५

परतताना रिक्षात मी गुन्हेगारांची यादी केली. एक, सामंत. तीन तास पेटी त्याच्याकडे. दोन, मुकेश. बाजारात जनाबाईच्या शेजारी समुद्राची मासळी विकणारा. खदाणीचा रोहू बंद पडला तर फायदा त्याचाच, आणि मोरी त्याच्याच पाटीवर असते.

"सामंतसाहेबांना वगळा," सुनेत्रा म्हणाली. "टेपवरची सही शाबूत होती."

"मग तीन तास काय करत होता?"

तिने रिक्षातूनच त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "साहेब, उल्हासनगरला दाल पकवान चांगलं कुठे मिळतं हो? चिंचेच्या चटणीवालं?"

पलीकडून एकदम दबका आवाज आला, "वहिनी, हात जोडतो, मालिनीला सांगू नका. आधी दाल पकवान खाल्लं, मग गुलाबजाम, मग गाडीतच डोळा लागला. ती पेटी मागच्या सीटवर होती, प्लेट तिच्यावर ठेवली होती. पण उघडली नाही हो, शपथ."

मी इतका हसलो की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

बाजारात मुकेश मोरी सोलत बसला होता. मोरीची कातडी खरखरीत, ती काढल्याशिवाय तुकडे करत नाहीत. "जयभीम काका! जयभीम काकू!" त्याने सुरी पुसली. सुनेत्राने आडपडदा न ठेवता सातव्या तुकड्याचं सांगितलं.

"काय बोलता!" मुकेशचा चेहरा खरंच पडला. "काकू, धंद्यात भांडतो आम्ही, पण म्हातारीच्या पोटावर पाय? माझ्या बारशाला घुगऱ्या वाटल्यात तिने. आणि खरं सांगू, तिचं गिऱ्हाईक पळालं तर माझं पण पळतंय. लोक म्हणतात मासाच नको."

"सोमवारी वैदेहीने घेतलं तेव्हा मोरी होती?"

"होती ना, मोठी. म्हणजे म्हातारीने त्यातला एक तुकडा सकाळी उडवलाच. रोजचंच आहे तिचं. 'मुक्या, मांजरीला नेते' म्हणते आणि पाटीवरून उचलते. मी पण तिच्याकडून रोहूचं एक डोकं उचलतो, फिटंफाट."

मी जनाबाईच्या पाटीखाली बघितलं. तिथे मांजर होती, नेहमीची काळी-पांढरी. तिच्यासमोर रोहूची आतडी आणि कल्ले पडले होते. या मांजरीला बावीस वर्षांत, म्हणजे हिला आणि हिच्या आईला, मी दुसरं काही खाताना पाहिलं नव्हतं.

सुनेत्राने मला बाजूला घेतलं. "मैत्रेयीच्या वेळी जास्तीचा तुकडा निघायचा. आठवतंय? कसला असायचा?"

"मोरीचा," मी म्हणालो. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "बाळंतिणीला आणि पोटुशीला मोरी घालतात. दूध चांगलं येतं म्हणून. माझी आईसुद्धा घालायची..."

"वैदेही सात महिन्यांची. 'ये गं बाय, बस.' खालपासून वर बघितलं." सुनेत्राच्या आवाजात शोध लागल्याचा आनंद अजिबात नव्हता. "पिशवी भरताना वैदेहीचे डोळे बंद होते. त्यानंतर टेप कुणी तोडली नाही. रोहूच्या पिशवीत हात एकाच माणसाचा गेला."

"पण स्वतःचंच तळं कोण बुडवेल?"

"ज्याला माहीतच नाही की आपण काय केलं," सुनेत्रा म्हणाली.

६

शनिवारी दुपारी आम्ही जनाबाईच्या ओटीवर बसलो होतो. जितेशचा नवा कागद सुनेत्राच्या पर्समध्ये होता. रोहूचा पहिला तुकडा, ०.०४. दुसरा, ०.०५. तिसरा, १.८.

"मावशी, वैदेहीला दोन तुकडे दिलेत ना? त्याच्याबरोबर आणखी काही?"

"काय नाय." जनाबाईने नजर वळवली.

"मोरीचा एक तुकडा?"

ती आवाज उतरवून म्हणाली, "पोटुशीला दिलेला घास बोलून दाकवायचा नाय, बाय. दिठ लागते पोराला. माजी सासू सांगून गेली. म्हनून मी मांजरीचं नाव करते."

"पण वैदेही तर खात नाही. ती तपासायला नेत होती."

"मना काय ठाव? ती बोलली कालेजात न्यायचं हाय. मी बोलली, या बामनाच्या पोरी घरात खायला लाजतात, कालेजात जाऊन खातात. सातवा महिना, पोरीला डव्हाले लागले असतील, तोंड बगा कसं सुकलंय. मना तर पोट दिसायच्या आदी चालीवरूनच कलतं. सासूला म्हाईत नसतं तवा मना म्हाईत असतं." क्षणभर तिला स्वतःचा अभिमान वाटला. मग सुनेत्राच्या चेहऱ्याकडे बघून तिचा हात छातीशी गेला. "त्या तुकड्यान होता पारा?"

सुनेत्राने सगळं सांगितलं. समुद्रातला मोठा मासा छोट्यांना खातो, त्यांच्यातला सगळा पारा याच्या अंगात साठतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला तोच बाधतो. मोठ्या माणसाने कधीमधी खाल्लं तर चालेल, पण पोटुशीने आणि बाळंतिणीने मोठी मोरी नको.

जनाबाई खाली बसली. तळं वाचलं, हे तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. "चालीस वर्सं देते मी. किती पोरींना दिला असंल गो बाय? मी चांगल्यासाटी दिला..."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. सुनेत्रा मात्र तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "मावशी, मैत्रेयीला तुम्ही तुकडा दिला, पण शिजवून मी घातला. मी, तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली. कारखान्यातल्या माणसांचं रक्त पाऱ्यासाठी यायचं माझ्याकडे. मला सुचलं का? नातू धडधाकट आहे आमचा, चार वर्षांचा, घर डोक्यावर घेतो. एखाद्या तुकड्याने लगेच काही होत नाही. पण आता कळलंय, तर आता सांगायचं."

"सांगायचं म्हंजे? मी सोता? सगल्यांसमोर?"

"तुमचं तळं त्याच्यावर अडलंय. मुकेशने टाकला, सामंतांनी टाकला, असं कुणी म्हटलं तर?"

जनाबाई बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली.

रविवारी अकराला संकुलाच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. सामंतसाहेबांनी ठराव वाचला, पंपाचं भाडंसुद्धा ठरलं होतं. सुनेत्राने दोन्ही रिपोर्ट शेजारी धरले आणि सातव्या तुकड्याचा हिशेब सांगितला. लगेच मागून आवाज आला, "मग मोरी टाकली कुणी? ज्याने टाकली त्याला धरा!" सगळ्या माना मुकेशकडे वळल्या. मुकेश उठू लागला.

"बस खाली, मुक्या," जनाबाईचा आवाज आला. तो जुना, स्टेशनपर्यंत जाणारा आवाज. "मी टाकली."

आणि तिने सांगितलं. मांजरीचं खोटं, सासूचा नियम, वैदेहीचं सुकलेलं तोंड, सगळं. बोलून दाखवायचं नाही ते चारशे माणसांसमोर बोलली. शेवटी हात जोडून म्हणाली, "ज्या ज्या पोरीला मी दिला असंल, तिनं मना माफ करा. आनि पुढं पोटात असताना मोरी खाऊ नका. माज्या तल्यातला खा नायतर खाऊ नका, पन मोरी नको."

मग पहिल्या रांगेतून वैदेही उठली, पोट सांभाळत जनाबाईपर्यंत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. "मावशी, मला कुणी मासे दिले असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. तेसुद्धा मी मिक्सरमध्ये धाडले."

लोक हसले, आणि हसण्यातच सामंतसाहेबांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात टाकला. आता कराराची मुदत उलट वाढवायची, असं त्यांनी स्वतःहूनच सुचवलं. तेवढ्यात दारातून जितेश आत आला, साक्ष द्यायला म्हणून खास बोलावला होता. "सामंत साहब!" तो आनंदाने म्हणाला, "उस दिन आपका पकवान का पार्सल हमारे यहाँ छूट गया था. आज ताज़ा लाया हूँ!"

मालिनीवहिनींनी साहेबांकडे ज्या नजरेने बघितलं, ते बघून मला गुन्हेगाराला शिक्षा झाल्याचं समाधान मिळालं.

७

पुढच्या बुधवारी जनाबाईसमोर रांग होती. मुकेशने रविवारी दुपारीच आपल्या पाटीवर पुठ्ठा लावला होता, 'पोटुशी ताईंनी मोरी मागू नये, मिळणार नाही.' आमची मैत्रेयी शनिवार-रविवार पुण्याहून आली होती; रविवारी संध्याकाळी परत जाताना तिने बाजारातून चक्कर मारली आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून सगळ्या मैत्रिणींना पाठवला.

मला कटल्याचं डोकं मिळालं. डोकं बांधून घेतलं आणि घरी आलो.

ओट्यावर पिशवी उलटी केली तर डोक्याबरोबर आणखी काहीतरी बाहेर पडलं. वेगळ्या कागदात गुंडाळलेला एक तुकडा. मी तो मागितला नव्हता. मोरी की काय, म्हणून घाईघाईने बोटाने दाबला, आणि काटा कचकन बोटात घुसला. रोहू होता. खदाणीचा, कोवळा, काट्यांनी भरलेला.

बोट तोंडात धरून मी तसाच उभा राहिलो. आजवर सुनेत्राच्या आधी मला काही कळलं नव्हतं. जास्तीचा तुकडा जनाबाई कधी देते? आणि रविवारी बाजारातून चालत कोण गेलं?

"सुनेत्रा!" मी ओरडलो. "मैत्रेयीला पुन्हा दिवस गेलेत का गं?"

सुनेत्रा आतल्या खोलीतून बाहेर आली. हातात फोन, चष्मा कपाळावर, तोंड उघडं. "अहो, तिने आत्ता, या मिनिटाला फोन करून सांगितलं. जावयाला पण कालच कळलंय. तुम्हाला कसं कळलं?"

मी तिच्यासमोर तुकडा धरला. ती बघत राहिली, आणि मग आम्ही दोघेही ओट्याला टेकून डोळे पुसेपर्यंत हसलो.

जनाबाईला मी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. गुरुवारी मात्र बाजारातून जाताना तिच्या मांजरीला बिस्किटाचा पुडा घातला.